पिशवीबरोबर अंडाशयंही गेली: बंद केलेले हार्मोन पुन्हा सुरू करावेत का?

"माझी पिशवी (गर्भाशय) काढलीय" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर 'बीएसओ' लिहिलं असेल, तर दोन्ही अंडाशयंही गेलीत. पाळी आपसूक जाते तेव्हा इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं हार्मोन, काही वर्षं रेंगाळत उतरतं. ऑपरेशननंतर मात्र ते एकदम खाली येतं, म्हणून गरम वाफा आणि रात्री घामाने भिजणं या बायकांना जास्त छळतं.

समजा ऑपरेशन चाळिशीच्या आसपास झालं, इस्ट्रोजेनच्या गोळ्या वर्षभर घेतल्या आणि कोणीतरी "कॅन्सर होतो" म्हणाल्यावर सोडल्या. आता पुन्हा घ्याव्यात का?

ही भीती मुख्यतः अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतून आली. २००२ साली तिचा एक भाग मध्येच थांबवला, कारण स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पण त्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, गर्भाशय असलेल्या होत्या आणि इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टिनही (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं औषध) घेत होत्या. त्याच चाचणीच्या दुसऱ्या भागात पिशवी काढलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग २००४ मध्ये थांबला तो पक्षाघातामुळे: दहा हजार बायकांमागे वर्षाला सुमारे १२ जास्त. खुब्याची फ्रॅक्चर मात्र सुमारे ६ कमी. स्तनाचा कॅन्सर त्यांच्यात वाढला नाही. आपल्याकडे घरोघरी पोचली ती फक्त पहिली बातमी.

आता दुसरी बाजू. चाळिशीत अंडाशयं गेली आणि काहीच घेतलं नाही, तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणून, मनाई नसेल तर, पाळी एरवी जायच्या वयापर्यंत तरी हार्मोन घ्यावेत असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. परदेशात ते वय ५०-५१ धरतात. भारतात पाळी सरासरी ४६-४७ ला जाते. बेचाळिशीतल्या बाईसाठी ही भर नव्हे, गेलेल्याची भरपाई आहे. माझं पारडं इथे पुन्हा घेण्याच्या बाजूला झुकतं.

साठी ओलांडलेली असेल किंवा मध्ये दहा वर्षं गेली असतील, तर हिशेब उलटतो. तेव्हा नव्याने सुरू करताना पक्षाघात, हृदयविकार आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका जड होतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती, हार्टअटॅक वा पक्षाघात येऊन गेलाय, यकृताचा आजार सुरू आहे: यांपैकी काही असेल तर आपल्या मनाने गोळ्यांची जुनी पट्टी उघडूच नका.

गोळी की जेल? गोळी यकृतातून जाते आणि गुठळीचा धोका थोडा वाढवते. त्वचेवर लावायच्या जेलमध्ये नेहमीच्या मात्रेत तो वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असेल किंवा मायग्रेन असेल तर जेलबद्दल स्वतःहून विचारा. एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) ऑपरेशन झालं असेल तर तेही आवर्जून सांगा. पिशवी नसली तरी कधीकधी प्रोजेस्टेरॉन जोडावं लागतं.

हार्मोन नकोच असतील, तर वाफांसाठी व्हेनलाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन देतात. वाफा कमी होतात, पण हाडांना त्यांचा काही उपयोग नाही. त्यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि वेगळे उपाय बघावे लागतात. आणि त्रास फक्त योनीच्या कोरडेपणाचा असेल, जो सांगायला बायका सगळ्यात जास्त लाजतात, तर आतून लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम बहुतेकींना पुरतं. ते रक्तात फारच थोडं उतरतं.