यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन : घ्या, पण सेल घालून बघूनच

कॅमेरे गोळा करायचा नाद मला कॉलेजपासून, कपाट भरलंय, त्यावरून घरात बोलणी बसतात ते वेगळं. पण साताऱ्यात संध्याकाळी बाहेर पडलो की गळ्यात हाच रोलचा कॅमेरा असतो. १९७३ चं मॉडेल, पाऊण किलोचं धूड, मान दुखते हे खरंय.

लेन्स ४५ एमएम एफ १.७, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, पैसे वसूल होतात ते इथंच. राजवाड्याच्या चौपाटीवर दिवे लागल्यावर ४०० एएसएचा (एएसए म्हणजे रोल उजेडाला किती तेज ते) रोल घालून फ्लॅशशिवाय काढा, तव्यावरची वाफ, पावभाजीवाल्याच्या कपाळावरचा घाम सगळं येतं आणि मागचे बल्ब मस्त विरघळतात. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं ते) आपण लावायचं, शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) कॅमेरा ठरवतो, १/५०० सेकंदापासून पार ३० सेकंदांपर्यंत. बटण हलकं दाबल्यावर पिवळा दिवा लागला म्हणजे स्पीड १/३० च्या खाली गेला, कशाला तरी टेकून उभं राहा, लाल लागला तर उजेड जास्त. नेमका किती स्पीड ते मात्र सांगत नाही, सगळं हातानं लावणारे मॅन्युअलवाले यावरून चिडतात, मला काही फरक पडत नाही.

आता विकत घेताना. जुन्या बाजारात विकणारा "एकदम चालू कंडिशन साहेब" म्हणत नुसतं शटर मारून दाखवतो, त्यावर जाऊ नका, सेल नसला तरी शटर पडतंच, फक्त सगळं १/५०० वर. मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल बंद झालाय, ६ व्होल्टचा छोटा सेल अ‍ॅडॉप्टर लावून घेऊन जा, दोन्ही दिवे बघा आणि रोल पुढं सरकवायची लिव्हर ओढताना आतून 'ठक्' आवाज येतो का ऐका. नसेल येत तर आतला रबरी पॅड गेलाय, स्पीड भलतेच येणार, खोलायचं काम आहे, भाव पाडा नाहीतर सोडून द्या. मागच्या दाराचा फोम डांबरासारखा चिकट झालेला असतोच, ते घरी होतं. लेन्सवर टॉर्च मारून बुरशी बघा, आपल्याकडचा पाऊस बघता पुढंही सिलिका जेलच्या डब्यातच ठेवा.

ब्लॅक अँड व्हाइटला पिवळा फिल्टर लावणार असाल तर उजेड मोजणारी खिडकी लेन्सच्या बाहेर आहे, तिला फिल्टर कळत नाही, कॅमेऱ्यावरचा एएसएचा आकडा स्वतः कमी करा. कलर रोल मी पुण्याला कुरिअर करतो, ब्लॅक अँड व्हाइट घरीच बाथरूममध्ये. माझा विकायचा नाहीये, आधीच सांगतो.