किरगिझस्तानातली आयबेक्सची शिकार: गाइड उत्तम, वेळापत्रक घाईचं

तिएन शान पर्वतात गाइडबरोबर आयबेक्स या डोंगरी रानबोकडाची शिकार घडवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत आणि त्यांची वेळापत्रकं जवळजवळ सारखीच असतात. पहिल्या दिवशी बिश्केकला उतरायचं, दुसऱ्या दिवशी गाडीने कॅम्पवर जायचं, तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस शिकार. गाइड, घोडे आणि डोंगर यांना पाचपैकी पाच गुण द्यायला हरकत नाही. या वेळापत्रकाला मात्र दोनच. शिकार रिकाम्या हाताने संपते तेव्हा दोष नेमाला दिला जातो, पण बहुतेक वेळा खरं कारण दमलेली फुप्फुसं आणि हातात न उरलेले दिवस हेच असतं.

बिश्केक समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे. कॅम्प बहुधा ३,००० मीटरच्या आसपास असतो आणि आयबेक्स त्याच्याही वर, ३,५०० ते ४,२०० मीटरच्या कड्यांवर. एका दिवसात दोन हजार मीटर वर चढून तिथेच झोपलं की डोकं दुखतं, भूक मरते, झोप लागत नाही. त्या अवस्थेत दुसऱ्या दिवशी पहाटे चारला घोड्यावर बसवलं जातं. म्हणून वाटेत एक मुक्काम मागून घ्यावा. नारिनला जाणार असाल तर त्याच गावात, कारण ते साधारण २,००० मीटरवर आहे आणि बिश्केकहून पाच-सहा तासांवर. काराकोलमार्गे एंगिलचेककडे जाणार असाल तर काराकोलला थांबा, कारण पुढे ३,८२२ मीटरची चोन-आशू खिंड ओलांडायची असते. कॅम्पवर पोचल्यावर पहिला दिवस नुसतं आसपास चालण्यात घालवावा. अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरचं औषध) घ्यायचं की नाही ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवा. बसल्या जागी धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर वाट न बघता त्याच रात्री खाली उतरायचं. दहा दिवसांचं पॅकेज महाग पडतं, पण पाच दिवसांच्या पॅकेजमधले पहिले दोन दिवस डोकेदुखीतच जातात, हे लक्षात घेतलं तर फरक फारसा उरत नाही.

एंगिलचेकचा भाग चिनी सीमेलगतचा, त्यामुळे तिथे सीमाक्षेत्राचा वेगळा परवाना लागतो. तो कंपनीने काढायचा असतो. पासपोर्टवरच्या नावाचं स्पेलिंग जसंच्या तसं द्या. एका अक्षराच्या चुकीने चौकीवर अर्धा दिवस जातो. इसिक-कुल सरोवराच्या दक्षिणेकडे शिकार असेल तर कंपनीकडून हद्दीचा नकाशा मागा. सारिचात-एर्ताश हे १९९५ पासूनचं राखीव क्षेत्र त्याच भागात आहे आणि त्यात शिकारीला बंदी आहे. जखमी जनावर हद्द ओलांडून आत गेलं तर काय करायचं, हे आधीच विचारून ठेवावं. चांगल्या कंपनीकडे याचं उत्तर तयार असतं.

घोडे बुटके, रुंद छातीचे आणि विलक्षण खात्रीच्या पायांचे असतात. दगडगोट्यांच्या उतारावर लगाम सैल सोडून त्यांना त्यांची वाट धरू द्यावी; ओढाताण केली की घोडा चुकतो. खोगीर कडक असतं आणि रिकिबी बहुधा आखूड बांधलेल्या असतात. सहा तासांनी गुडघे धरतात, म्हणून निघण्यापूर्वीच रिकिबी लांब करून घ्या. वजन शंभर किलोच्या वर असेल तर तसं बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा, म्हणजे त्या ताकदीचा घोडा मिळतो. रायफल पाठीवर आडवी टांगू नका. घोडा घसरला तर ती पाठीच्या कण्यावर आदळते आणि तिच्यावरच्या दुर्बिणीचा नेमही हलतो. खोगिराला बांधलेल्या जाड म्यानात ठेवा, नळीत काडतूस नको.

गाइडांची खरी ताकद दिसते ती उजाडल्यावर. धारेच्या आडोशाला बसून ते तास-दीड तास समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने बघतात. कितीतरी गाइडांकडे साधीच दुर्बीण असते, तरी दोन किलोमीटरवरच्या राखाडी दगडांत बसलेला राखाडी नर त्यांना दिसतो. ते कान, शिंगाची कड, सावलीचा आकार शोधतात. अख्खं जनावर शोधत बसत नाहीत. नराला ते 'तेके' म्हणतात. आयबेक्स पहाटे चरतात आणि ऊन तापलं की कड्याच्या फळीवर बसून खालची दरी राखतात. त्यामुळे खालून चढत गेलेला माणूस त्यांना लगेच दिसतो. वरून, धारेच्या पलीकडून वळसा घालून यायचं, हाच मार्ग. त्यात वाऱ्याचं गणित असतं. पहाटे थंड हवा खाली वाहते, उतार तापला की ती वर चढू लागते. ती उलटते त्या अर्ध्या तासात जवळ जाऊ नये असं गाइड म्हणाला तर ऐकावं. घाई करणाऱ्या शिकाऱ्याचा वास कळपाला लागतो, इशाऱ्याची एक शीळ ऐकू येते आणि तीन तासांची चढण वाया जाते.

वय ओळखणं ही या शिकारीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि इथेच काही गाइड कमी पडतात. शिंगाच्या समोरच्या बाजूला जाड गाठी असतात. गाठ म्हणजे एक वर्ष असा समज सर्रास आहे, पण तो चूक आहे. एका वर्षात एकाहून जास्त गाठी येतात. वर्षं मोजायची ती शिंगाच्या बाजूला आणि मागच्या अंगाला. हिवाळ्यात वाढ थांबते तिथे बारीक, खोल रेघ उमटते. टोकाकडच्या पहिल्या वर्षांच्या रेघांमध्ये बोटभराहून कितीतरी जास्त अंतर असतं आणि बुंध्याकडे येता येता त्या दाटत जातात. बुंध्याशी रेघा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसल्या म्हणजे नर म्हातारा. दहा वर्षांचा, मीटरभर शिंगांचा नर ही उत्तम शिकार आहे. सव्वा मीटरच्या हट्टापायी लांब शिंगांचा सात वर्षांचा नर मारणं हे कळपाचं नुकसान आहे, कारण माजाचा, म्हणजे मिलनाचा, काळ पेलणारे नर पुढच्या वर्षी तेच असणार असतात. स्पॉटिंग स्कोपमधून (लांबचं बघायच्या मोठ्या दुर्बिणीतून) गाइडने वय सांगेपर्यंत बोट रायफलच्या चापाजवळ नेऊ नका आणि 'मोठा आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

गोळी साधारण २५० ते ४५० मीटरवरून मारावी लागते. .३०० विन्चेस्टर मॅग्नम किंवा ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम काडतुसाची रायफल पुरेशी आहे. कॅम्पवर पोचताच तीन गोळ्या झाडून नेम तपासा. प्रवासात दुर्बीण हललेली असू शकते, शिवाय ३,५०० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३०% विरळ असल्याने लांबवर गोळी घरच्यापेक्षा कमी खाली झुकते. त्याहून मोठी चूक उताराची. ४०० मीटर अंतर आणि ३० अंशांचा उतार असेल तर आडवं अंतर ३४६ मीटरच भरतं आणि नेम त्या आकड्यावर धरायचा असतो. ४०० धरला तर गोळी सुमारे २० सेंटीमीटर वर जाते, म्हणजे पाठीवरून निघून जाते किंवा कण्याजवळ नुसती जखम करते. अंतराबरोबर कोनही मोजणारा रेंजफाइंडर ही चैन नाही. बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती बसते. नर कड्याच्या टोकावर उभा असेल तर थांबा. तिथून कोसळला की शिंगं फुटतात आणि कधीकधी जनावर उचलायलाही जाता येत नाही.

जखमी होऊन हातातून गेलेलं जनावर बहुतेक करारांत मिळाल्यासारखंच धरलं जातं, पूर्ण पैशांसकट. हा नियम योग्यच आहे, पण करारात तो वाचूनच सही करा. विमानभाडं, बिश्केकमधलं हॉटेल, रायफलचा परवाना, बक्षिसी आणि शिंगं देशाबाहेर पाठवण्याचा खर्च पॅकेजमध्ये सहसा नसतो. रायफलचा परवाना रायफलच्या क्रमांकानुसार निघतो. कॅम्पवर भाड्याची रायफल मिळते, मात्र तिची दुर्बीण कोणती आणि काडतुसं किती, हे आधी लेखी मागा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाटा मोकळ्या असतात, पण नर उंचावर आणि अंगावरचे केस आखूड. नोव्हेंबरच्या शेवटी माज सुरू होतो. बर्फामुळे कळप खाली येतात, नराची दाढी आणि हिवाळी केस पूर्ण वाढलेले असतात. मग पारा उणे वीसच्या खाली जातो आणि उजेड जेमतेम नऊ तास मिळतो. डोंगरात नवखं असणाऱ्याने ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरावा.

जेवणात बकरं-मेंढीचं मटण, नूडल्स, पाव आणि अखंड चहा. शाकाहारी माणसाने आपलं सामान न्यावं. शिकारीचं मांस गाइडांच्या घरी जातं, वाया जात नाही.

कवटी साफ करताना शिंगाचा बुंधा उकळत्या पाण्यात बुडू देऊ नका, त्याने शिंगाचं आवरण खराब होतं. कातडं सोलल्यावर त्याच रात्री भरपूर बारीक मीठ चोळून घ्या, कान उलटे करून आतूनही. सकाळपर्यंत ठेवलं तर केस गळायला लागतात. पशुवैद्यकीय दाखला आणि शिकारीच्या परवान्याची प्रत बिश्केक सोडण्यापूर्वी हातात असू द्या. भारतात राहणाऱ्यांनी शिंगं घरी आणण्याचा बेत सोडून द्यावा: इथे हिमालयातला आयबेक्स वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. फोटो आणि मोजमाप घेऊन शिंगं गाइडकडेच ठेवावीत.