कंबरदुखीसाठी चालणं की चटईवरचे व्यायाम?

कंबरदुखी जुनी झाली की "व्यायाम करा" असं सगळेच सांगतात. कोणता करायचा, इथे घोळ होतो. माझ्यापुरते शेवटी दोन पर्याय उरले: रोज ठरवून चालणं, किंवा चटईवरचे पोट-पाठीचे व्यायाम. दोन्ही करून पाहिलेत. (पायातली ताकद कमी होत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा असेल, तर हे वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.)

चटईची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. कॅनडाचे कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे कर्ल-अप (पाठीवर झोपून डोकं-खांदे किंचित उचलणं), साइड प्लँक (कुशीवर होऊन कोपरावर अंग तोलून धरणं) आणि बर्ड डॉग हे तीन व्यायाम बहुतेकांनी ऐकलेले असतात. कणा वाकवायचा नाही, पोट-पाठ आवळून तो स्थिर धरायचा, हे त्यातलं मर्म. बर्ड डॉग दिसायला पोरखेळ आहे: हात-गुडघ्यांवर यायचं, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांबवायचा. पण पाय जरा जास्त उचलला की त्या बाजूचा खुबा वर येतो, कंबरेला पीळ बसतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सुरुवातीला मागून बघणारं कुणीतरी हवंच.

कळ पायात उतरत असेल तर न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांची पद्धत कामाची ठरू शकते. पालथं झोपून हातांच्या जोरावर छाती उचलायची. भुजंगासनासारखंच, फक्त पाठ ढिली सोडायची. पायातली कळ वर कंबरेकडे सरकू लागली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी लक्षण चांगलं. कळ आणखी खाली जाऊ लागली तर थांबायचं.

माझं घोडं अडलं ते निराळ्याच ठिकाणी. व्यायाम जमत होते. जमिनीवर बसणं आणि तिथून उठणं जमत नव्हतं. कंबर धरलेली असताना नेमकं तेच नको असतं. एक हात गुडघ्यावर, दुसरा खुर्चीच्या कडेवर, आणि अर्ध्यात उसण भरते की काय ही धास्ती. त्यात वेळेचं त्रांगडं. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावर तासभर तरी वाकणं टाळावं म्हणतात. म्हणजे पहाट गेली. जेवल्यावर पालथं पडवत नाही. उरलेल्या वेळात घर जागं असतं आणि चटईच्या वाटेत कुणी ना कुणी येतंच. परिणामी कंबर बरी असताना व्यायाम व्हायचा, दुखायला लागली की बंद.

चालण्यात ही भानगड नाही, माणूस उभाच असतो. फार दुखत असेल त्या दिवशी या दारापासून त्या दारापर्यंत चाललं तरी खाडा होत नाही. याला आधारही आहे: 2024 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांपैकी मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवणाऱ्या गटात दुखणं परत सुरू व्हायला मध्यकानं (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) 208 दिवस लागले, काहीच उपचार न दिलेल्या गटात 112. अर्थात ही तुलना चटईवरच्या व्यायामांशी नव्हती, त्यामुळे चालणंच सरस असं त्यावरून म्हणता येणार नाही.

रमतगमत फिरण्यानं मात्र मला काही फरक पडला नाही. हात मोकळे सोडून, जरा झपझप चाललं तरच कंबर सैल होते. आणि चाललं की पाय भरून येतात, बसलं की उतरतात, असं ज्यांचं होतं त्यांच्या मज्जारज्जूची वाट अरुंद झालेली असू शकते. त्यांना बहुधा सायकलच सोसते.

जमिनीवर सहज उठबस होत असेल आणि पहिले काही दिवस शिकवणारं कुणी असेल, तर चटई खुशाल निवडा. मी चालणं धरलंय. साइड प्लँक तेवढा ठेवलाय, तोही भिंतीला कोपर टेकवून, उभ्यानंच.