टेन्युअर नाकारलं: रिकन्सिडरेशन मागायचं की ग्रीव्हन्स टाकायची?

पत्र आलं की दोन दिवस काही लिहायचं नाही असं सगळेच सांगतात आणि कोणीच पाळत नाही, मीही पाळलं नाही. इथे अमेरिकेत टेन्युअरसाठी, म्हणजे प्राध्यापकाच्या कायम नोकरीसाठी, सहा वर्षं राबल्यावर प्रोव्होस्टच्या (युनिव्हर्सिटीच्या मुख्य शैक्षणिक अधिकाऱ्याच्या) नकाराच्या तीन ओळी आल्या, डोकं फिरलं आणि सरळ ग्रीव्हन्सच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या कमिटीकडे करायच्या तक्रारीच्या, मागे लागलो. त्याच आठवड्यात शेजारच्या हिस्टरीमधल्या एका कलीगलाही नकार आला, तिने रिकन्सिडरेशन, म्हणजे फेरविचार, मागितलं. त्यामुळे दोन्ही रस्ते जवळून बघितलेत.

रिकन्सिडरेशन म्हणजे ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याच दारात परत जायचं. नाक घासल्यासारखं वाटतं, खरंय. पण तिथे कामाबद्दल बोलता येतं. तिचं पुस्तक डीनच्या पत्रात 'अंडर रिव्ह्यू' असं पडलं होतं आणि प्रकाशकाने ते स्वीकारल्याची ईमेल तिच्याकडे मार्चपासून होती. तिने दीड पानाचं पत्र लिहिलं, ती ईमेल जोडली, बस्स. सप्टेंबरात तिचं टेन्युअर झालंसुद्धा.

ग्रीव्हन्समध्ये दुसऱ्या डिपार्टमेंटची माणसं असतात, शांतपणे ऐकून घेतात, मन हलकं होतं हे नाकारत नाही. पण 'माझं काम चांगलंय' म्हणायला लागलो की थांबवायचे, नियम कुठला मोडला तेवढं सांगा. एएयूपी या अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेच्या १९७१ च्या स्टेटमेंटमध्येच आहे ते, विचार पुरेसा झाला का एवढंच कमिटीने बघायचं, गुणवत्तेवर स्वतःचं मत द्यायचं नाही.

आणि मी जिंकलो बरं का! माझ्या कामाबद्दल बाहेरच्या तज्ज्ञांकडून आलेल्या सहा पत्रांपैकी दोन डिपार्टमेंटच्या मीटिंगनंतर फाईलला लागली होती, म्हणजे मतदान ती न वाचताच झालं होतं. जानेवारीत रिपोर्ट माझ्या बाजूने आला. पण जिंकून मिळतं काय, तर फाईल परत जाते. कुठे, तर त्याच डिपार्टमेंटला, तीच सात माणसं, तीच खिडकी नसलेली खोली. आठ महिने भांडून मी जिथे पोचलो तिथे ती पहिल्या महिन्यातच पोचली होती, शिवाय समोरच्यांवर मी लेखी आरोप करून बसलेलो. आधी विरोधात चार होते, आता पाच झाले. तोवर टर्मिनल वर्ष, म्हणजे नकारानंतर मिळणारं नोकरीचं शेवटचं वर्ष, संपत आलेलं, नोकऱ्यांच्या जाहिराती सप्टेंबर-ऑक्टोबरातच येऊन गेलेल्या, आणि एच वन बी व्हिसावर असाल तर नोकरी सुटल्यावर हातात जास्तीत जास्त साठ दिवस.

दोन उदाहरणांवरून नियम काढू नये, मान्य. आणि भेदभावाचा संशय असेल तर गोष्टच वेगळी, तिथे वकील गाठा आणि ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी आयोगाकडे) तक्रार करायची मुदत मोजा, १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३००. ती नकार कळल्या दिवसापासून धरतात, शेवटच्या पगारापासून नाही, आणि युनिव्हर्सिटीत ग्रीव्हन्स चालू आहे म्हणून वाढतही नाही, सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये रिक्स नावाच्या प्राध्यापकाच्या केसमध्ये हेच सांगितलं. गोपनीय रिव्ह्यूची पत्रंसुद्धा ईईओसी मागू शकते, हे १९९० चं, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या केसमधलं.

बाकी प्रकरणात, निदान आमच्या युनिव्हर्सिटीच्या हँडबुकमधल्या नियमांप्रमाणे तरी, रिकन्सिडरेशन फसलं तर नंतर ग्रीव्हन्स टाकता येत होती, उलटं नाही. रिकन्सिडरेशनला मुदत होती चौदा दिवसांची. मी ग्रीव्हन्सचा बारा पानी मसुदा घासत बसलो होतो, तो संपला सोळाव्या दिवशी.