स्थिर फोटोंमधून व्हिडिओ: सात महिने वापरल्यानंतर

सुरुवात आजीच्या दोन फोटोंपासून झाली. एकापाठोपाठ काढलेले, पहिल्यात ती खाली बघतेय, दुसऱ्यात मान वर करून हसतेय. दोन्ही प्रिंट स्कॅन केल्या, डोळे एकाच जागी येतील अशा जुळवून घेतल्या आणि दोन फोटोंच्या मधली चित्रं (फ्रेम) स्वतः रचणाऱ्या ‘फिल्म’ या एआय मॉडेलला दिल्या. गूगल रिसर्चने २०२२ मध्ये आणलेलं हे मॉडेल मुळात अशा जवळजवळ सारख्या फोटोंसाठीच आहे. आजीने हळूच मान वर केली आणि हसली. क्लिप दीड सेकंदाचीही नाही, पण आई ती पुन्हा पुन्हा लावायला सांगत राहिली.

तेव्हापासून हे तंत्र सतत वापरतोय. एवढं नक्की कळलंय की मॉडेल कोणतं यापेक्षा फोटो कसे काढलेत याला जास्त महत्त्व आहे, आणि त्यातही एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत किती हालचाल झाली हे सगळ्यात महत्त्वाचं.

आधीच्या फोटोतला प्रत्येक ठिपका पुढच्या फोटोत कुठे सरकला, याचा अंदाज मॉडेल बांधतं. याला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. त्यावरून मधली फ्रेम रचली जाते, मग तिच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक. असं पाच वेळा केलं की दोन फोटोंमध्ये ३१ नव्या फ्रेम येतात.

भाचीच्या झोक्यावर मी इथेच फसलो. झोका मागच्या टोकाला असताना एक फोटो घेतला आणि पुढच्या टोकाला असताना दुसरा. वाटलं होतं, मध्ये झोका खाली येऊन पुढे जाईल. तो सरळ आडवा सरकला! मधोमध साखळ्या आखूड झालेल्या, अर्धवट विरलेल्या, आणि भाची हवेत तरंगतेय. झोका कमानीतून फिरतो हे त्या दोन फोटोंत कुठेच नव्हतं, मग मॉडेलला कळणार कुठून? नंतर बर्स्ट मोडवर, म्हणजे भराभर एकामागोमाग फोटो काढत, तोच झोका सात फोटोंत पकडला, तेव्हा कमान नीट आली.

गुलाबाची कळी उमलताना टिपली तेव्हा अडचण वेगळीच निघाली. कॅमेरा ऑटोवर होता, त्यामुळे दर फोटोत उजेड थोडा बदलायचा आणि व्हिडिओ लुकलुकायचा. आता ट्रायपॉड, मॅन्युअल एक्स्पोजर (उजेडाची सेटिंग हाताने पक्की केलेली) आणि लॉक केलेला व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) असल्याशिवाय मी सुरुवातच करत नाही. राहिलेली लुकलुक एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या डिफ्लिकर फिल्टरने बरीच कमी होते, पण हे काम नव्या फ्रेम वाढवण्याआधी करायचं. फोटोंची मालिका लांब असेल तर मी ‘राइफ’ हे तसंच दुसरं मॉडेल वापरतो. ते वेगवान आहे, आणि त्याची व्हल्कनवर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राफिक्स कार्डांवर चालणारी प्रणाली) आधारलेली आवृत्ती एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालते.

बोटं, जाळी, सायकलच्या आऱ्या आणि पाटीवरची अक्षरं अजूनही त्रास देतात. जाळीची प्रत्येक तार शेजारच्या तारेसारखीच, त्यामुळे जोडी चुकते आणि तारा लाटेसारख्या हलतात. हात चेहऱ्यावरून गेला की हाताआडून बाहेर येणारा गाल धूसर दिसतो, कारण आधीच्या फोटोत तो झाकलेला असतो. अशा वेळी मी फ्रेम वाढवण्याचा हट्ट सोडतो. त्यापेक्षा मूळ फोटो धक्क्याधक्क्याने पुढे गेलेले बरे.

आजीची क्लिप पाहून मावसभावाने विचारलं, “हा व्हिडिओ तेव्हा कोणी काढला होता रे?” मला एकदम चुकल्यासारखं झालं. त्या मधल्या फ्रेममधलं, ओठ जेमतेम हललेलं हसू कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेलं नाही. त्याला तसं सांगितलं आणि त्याच रात्री क्लिप बदलली. आता आधी दोन्ही मूळ फोटो दोन-दोन सेकंद स्थिर दिसतात, खाली ‘मधली हालचाल संगणकाने रचलेली’ अशी ओळ येते, आणि मग आजी मान वर करते.