स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, आठ महिने वापरून: फोडणीच्या तेलाचं काय करायचं?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काटा भरकटला. वर काहीही ठेवलेलं नसताना आकडा शून्यावर थांबेना. ३, ७, ५, परत ३. दर सोमवारी मी त्यावर दहा रुपयांची दहा नाणी ठेवून बघते. दहाच्या एका नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम, म्हणजे दहांचं ७७. डिसेंबरपासून काटा दर वेळी ७७ दाखवत आला, एखाद्या वेळी ७८. त्या सोमवारी ८४.

ग्राहक सेवेला फोन केला. वॉरंटी एक वर्षाची, बिल माझ्याकडे, काट्याला सात महिने झालेले. त्यांनी खालच्या बाजूचे फोटो मागवले आणि दोन दिवसांनी उत्तर आलं की ओलावा लागलेला दिसतो, वॉरंटीत बसत नाही. पाठवायचाच असेल तर कुरिअर तुमच्या खर्चाने पाठवा, बघू. साडेपाचशेच्या काट्याला दीडशे रुपये कुरिअर, तेही ‘बघू’ एवढ्या भरवशावर! चिपळूणला जुलैत बरणीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं. वस्तू ओलाव्यात टिकणार नसेल तर तसं खोक्यावर छापायला हवं. मी फोनवर हेच सांगितलं, तीन वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांना.

शेवटी घरीच उघडला. सेलच्या कप्प्यातली स्प्रिंग हिरवी पडली होती. तिथे खोडरबर घासला, कोरड्या फडक्याने पुसलं, नवे ट्रिपल ए सेल घातले. दहा नाणी, ७७ ग्रॅम. एक चूक माझीही होती. भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले अर्धे संपलेले सेल वाया जाऊ नयेत म्हणून मी इथे वापरत होते. घड्याळाला ते चालतात, काट्याला नाही. सेल उतरला की आकडा आधी भरकटतो आणि ‘लो’ बऱ्याच नंतर येतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी नवा काटा घ्यायला निघाले होते.

आता तेलाबद्दल.

हा काटा मी मुळात तेलासाठीच घेतला. दोन वर्षं ‘मोजून’ खात होते आणि वजन ७६ वरून हलत नव्हतं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये रोज १३०० कॅलरीच्या आसपास बेरीज यायची. काटा आला त्या दिवशी पहिल्यांदा आमची फोडणीची पळी मोजली. मी ती ‘दोन चमचे’ म्हणून नोंदवत होते. चहाच्या दोन चमच्यांत तेल ९ ग्रॅम मावतं, पळीत २४ भरलं. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे माझ्या वहीत ८१ आणि कढईत २१६. भाजी, आमटी, वरून फोडणी दिलेली कोशिंबीर, सगळीकडे तीच पळी. मी कुठेही खोटं लिहिलं नव्हतं. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. बाराशे कॅलरीहून कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं त्यात तपासलं होतं. त्यांनी नोंदवलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं. वाचलं तेव्हा मला त्या माणसांबद्दल फार आपुलकी वाटली. डॉक्टरांसमोर मीही हेच सांगत आले होते, अगदी मनापासून.

तर तेल मोजायचं. काट्यावर वाटी ठेवायची, टेअर दाबून शून्य करायचं, बारीक धार सोडायची. इथेच घात झाला. धार चालू आहे, वाटीचा तळ झाकला गेला आहे आणि आकडा शून्यच. मग एकदम २. मी ५ वर थांबले. तेल जास्त दिसत होतं म्हणून काटा बंद केला, रिकामा चालू केला आणि वाटी तेलासकट ठेवली: ५१. रिकामी वाटी ४३ ची. म्हणजे तेल ८ ग्रॅम, आणि काटा सांगत होता ५. मग दहा दिवस प्रत्येक फोडणी अशीच दोनदा मोजली. दर वेळी २ ते ४ ग्रॅम तेल काटा गिळत होता.

मी तक्रार केली. तेव्हा मात्र त्यांनी काही न विचारता बदलून दिला, हे नोंदवायला हवं. दुसऱ्या काट्यानेही तेच केलं. परत फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, घरगुती काटा आहे, इतकं बारीक मोजायचं नसतं.’ खोक्यावर ठळक अक्षरांत एक ग्रॅमची अचूकता छापलेली आहे. मग मोजायचं नसतं म्हणजे काय? हे लिखाण मी फेब्रुवारीत केलं असतं तर एक तारा दिला असता, आणि तोही सुटे सेल सोबत दिले म्हणून.

कारण कळलं ते बाजारपेठेत. दुकानदारांचे काटे दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना विचारलं. काट्याच्या आत धातूची पट्टी असते. वजनाने ती किंचित वाकते आणि त्या वाकण्यावरून आकडा काढला जातो. ऊन, गारवा, पंख्याचा वारा यांनीही ती थोडी हलते, म्हणून काट्याला शिकवलेलं असतं की शून्याच्या आसपास हळूहळू होणारा बदल वजन समजायचा नाही, शून्यच धरायचं. एकदम ठेवलेली वस्तू बरोबर मोजली जाते. थेंबाथेंबाने आलेलं तेल त्याला वाऱ्यासारखंच वाटतं. म्हणजे बिघाड नव्हताच, काटा तसाच बनवलेला होता. मग पुस्तिकेत हे एक वाक्य का नाही? तीच पुस्तिका काट्यावर उभं राहू नका असं चार भाषांत सांगते.

उपाय काकांनीच सांगितला. वाटी नाही, तेलाची बाटली काट्यावर ठेवायची. टेअर दाबायचं. बाटली उचलून कढईत ओतायचं आणि बाटली परत ठेवायची. काटा ‘वजा ९’ दाखवतो, म्हणजे ९ ग्रॅम गेलं. बदल एकदम होतो, त्यामुळे गिळला जात नाही, आणि वाटीला चिकटून राहणारं तेलही हिशेबाबाहेर जात नाही. तूप, गूळ, शेंगदाण्याचा कूट, ओलं खोबरं, सगळं मी आता डब्यासकट असंच उणे करून मोजते. कूट आणि खोबरं मोजाच. दाण्यांना १०० ग्रॅममागे पाचशेच्या वर कॅलरी आहेत, ओल्या खोबऱ्याला साडेतीनशेच्या वर, आणि दोन्ही आपण मुठीने घालतो.

सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. ‘अगं, तेल कुणी तोलतं का?’ पन्नास वर्षांचं हातचं माप आहे त्यांचं, आणि चवीच्या बाबतीत ते चुकत नाही. मी त्यांचा हात अडवला नाही. ‘आई, तुम्ही हवं तेवढं घाला, फक्त बाटली इथे ठेवा,’ एवढंच म्हटलं. आता स्वयंपाक आटपला की त्याच मला हाक मारून सांगतात, ‘आज वजा अठरा गं.’

काट्याने गिळलेलं तेल दिवसाला साधारण ९ ग्रॅम होतं. तिघांत वाटलं तर माझ्या वाट्याला २७ कॅलरी. आकडा लहान आहे, मला कळतं. पण ज्या एका गोष्टीसाठी मी वस्तू घेतली तिथेच ती कमी सांगत होती, आणि माझं सगळं दुखणं कमी सांगण्याचंच होतं.

बाकीचं थोडक्यात. परात किंवा मोठं पातेलं ठेवलं की आकडा खाली झाकला जातो. आधी एक डबा पालथा ठेवून त्यावर पातेलं ठेवा. दोन मिनिटांत काटा आपोआप बंद होतो, त्यामुळे भाजी चिरता चिरता मोजता येत नाही. आमटी, उसळ अशा सगळ्यांच्या पदार्थांसाठी रिकाम्या पातेल्याचं वजन झाकणाच्या आत पट्टी चिकटवून लिहून ठेवलं आहे. शिजल्यावर भरलेलं पातेलं मोजायचं, ते वजन वजा करायचं आणि आपली वाटी किती ग्रॅमची हे बघायचं.

भात मात्र कच्चाच तोला. शंभर ग्रॅम तांदळाचा मोकळा भात साधारण २७० ग्रॅम होतो, गुरगुट्या केला तर ४०० च्या आसपास. ॲपमधला ‘शिजलेला भात’ यांतला कुठला, हे कुठेही लिहिलेलं नसतं. पोळीचंही तसंच. ॲप एका पोळीला ७० कॅलरी धरतं. माझा गोळा ४८ ग्रॅमचा, त्यात कणीक ३० ग्रॅम, म्हणजे तेल लावण्याआधीच ९६. शेवटी ॲप काढून टाकलं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते वहीत उतरवून घेतले. त्यात ५२८ पदार्थ आहेत, आपल्याकडच्या डाळी, पालेभाज्या, मासे. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, ४.१८४ ने भागलं की कॅलरी मिळतात. एक दुपार गेली, पण आता रोज लागणारे चाळीसेक पदार्थ एका पानावर आहेत.

वजन डिसेंबरात ७६.२ होतं, आज ६९.८ आहे. जेवणातून एकही पदार्थ गेलेला नाही. पळी मात्र आता फक्त फोडणी तापवायला, मापाला नाही.

घ्यावा का? घ्या, पाच किलोपर्यंतचा पुरतो. महागड्या ब्लूटूथवाल्याची गरज नाही. आल्याबरोबर नाण्यांनी तपासा, सेल नवे घाला आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा कप्पा उघडून बघा. माझे साडेतीन तारे. एक तारा वॉरंटीच्या उत्तरासाठी कापला, तो परत मिळणार नाही. अर्धा तेलासाठी कापला आहे. ‘बारीक धार मोजायची असेल तर भांडं नाही, बाटली काट्यावर ठेवा’, एवढं पुस्तिकेत छापा, तो लगेच परत देईन.