टीसीटी ब्लेड वर्षभर वापरून: पातं उत्तम, रिंग भिकार

मत आधी सांगतो, सविस्तर नंतर. गोल करवतीची 10 इंची दोन टीसीटी ब्लेडं (पोलादी प्लेट, दातांवर टंगस्टन कार्बाइडच्या टिपा) घेतली, एक 24 दाती आणि एक 60 दाती. प्लेट सरळ, टिपा पक्क्या, धार टिकते. पैसे वसूल. पण दोन्हींच्या खोक्यात जी रिंग आली, तिच्यामुळे ऐन चतुर्थीच्या तोंडावर माझं काम अडलं आणि सागाच्या चांगल्या फळ्या वाया गेल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशाच रिंगा मी इतरांच्या खोक्यांतही पाहिल्यात.

वर्कशॉप कुडाळजवळ. चौकटी, दारं, पाट, चौरंग, अधूनमधून प्लायचं फर्निचर. लाकूड साग, फणस आणि अकेशिया. मशीन साधं, पट्ट्यावर चालणारं.

आता रिंग. ब्लेडचं भोक 30 मिमी, माझा शाफ्ट 25.4 मिमी, मधली जागा भरायला ही चकती. काम एवढंच की ब्लेड शाफ्टच्या बरोबर मध्यावर बसलं पाहिजे. खोक्यातली रिंग पत्र्यातून पंच करून काढलेली होती. एका कडेला बर, म्हणजे पंच करताना उरलेली खरबरीत धार, तशीच, बोट फिरवलं की खरखर लागायची. बाहेरून ब्लेडमध्ये घट्ट, पण शाफ्टवर ढिली. नट आवळण्याआधी ब्लेड हाताने वरखाली केलं तर कट्कट् आवाज यायचा.

केसाएवढ्या फटीने काय होतं, असं दुकानदार म्हणतो. हिशोब करून बघा. ब्लेड मिनिटाला 3000 फेरे फिरतंय, दात 60, आणि फळी तुम्ही मिनिटाला 3 मीटर वेगाने सरकवताय. एका फेऱ्यात फळी 1 मिमी पुढे जाते आणि एका दाताच्या वाट्याला येतो मिलिमीटरचा साठावा भाग. इतक्या बारीक कापात ब्लेडचा मध्य मिलिमीटरच्या दहाव्या भागानेही सरकला तरी एका बाजूच्या दातांना जास्त माल ओढावा लागतो, आणि समोरच्या बाजूचे दात कापण्याऐवजी नुसते घासतात. घासलं की तापतं, तापलं की लाकूड करपतं. माझ्या सागाच्या आडव्या कापावर साधारण दर मिलिमीटरला एक रेघ उमटत होती. ब्लेडच्या प्रत्येक फेऱ्याची एक. पाटाच्या कडेवर पॉलिश मारलं की त्या रेघा आणखी उठून दिसायच्या, आणि रंधा मारून घालवायच्या तर तेवढी मजुरी गिऱ्हाईक देत नाही.

कंपनीला फोन केला. उत्तर आलं, "वॉरंटी ब्लेडची आहे, रिंग ही ॲक्सेसरी आहे." फोटो मागितले, पाठवले. मग म्हणाले ब्लेड पाठवा, तपासून सांगतो, कुरिअर दोन्ही बाजूंचं तुमच्या खर्चाने. अहो, ब्लेडमध्ये दोष नाही हे मीच सांगतोय ना! चहाच्या किमतीत होणारी चकती नीट बनवायची नाही आणि तिच्यासाठी हजारोंचं ब्लेड मी मुंबईला धाडायचं, तेही सीझनमध्ये? हे मला आजही पटत नाही.

शेवटी गावातल्या लेथवाल्या मेस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी रिंग शाफ्टवर चढवून एकदाच हलवली आणि म्हणाले, "तुजी रिंगच ढिली आसा. पात्याक कित्याक दोष देतंस?" माइल्ड स्टीलची नवी रिंग त्यांनी चहा संपेपर्यंत करून दिली. बाहेरून 30, आतून 25.4, अंगठ्याने दाबली की बसेल इतकी नेमकी. जाडी ठेवली 1.8, कारण प्लेट 2.2 मिमीची आहे. हे महत्त्वाचं आहे. रिंग प्लेटपेक्षा जाड झाली तर फ्लँज (ब्लेडला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारी चकती) रिंगेवरच आवळला जातो, ब्लेड मोकळंच राहतं. ते धोक्याचं आहे. रिंग घ्यायला जाल तेव्हा व्हर्निअर खिशात ठेवा आणि भोकाआधी जाडी मोजा.

नवी रिंग लागली आणि त्याच ब्लेडने काच कापल्यासारखा आडवा काप दिला. प्लायची वरची साल उडणं जवळजवळ थांबलं. इथून पुढे मी या ब्लेडबद्दल चांगलंच लिहिणार आहे.

कोटिंगबद्दलचं मतही वर्षभरात बदललं. 60 दातीवर करडं कोटिंग आहे, 24 दाती उघडी. सुरुवातीला मला वाटायचं की हा किंमत वाढवण्यासाठी लावलेला रंग आहे. पावसाळ्यात फरक कळला. आमच्याकडे आषाढ-श्रावणात हवाच ओली, त्यात खारा वारा. उघड्या ब्लेडवर चार दिवस हात लागला नाही तर तांबूस थर धरतो. कोटिंगवालं टिपांच्या मुळाशी थोडं गंजलं, बाकी जसंच्या तसं. फणसाचा चीकही त्यावरून लवकर सुटतो. धार त्याने वाढत नाही, पण समुद्रकाठच्या माणसाने कोटिंगचे जास्तीचे पैसे द्यावेत असं आता मी म्हणेन.

चिकाबद्दल जरा सांगतो, कारण धार गेली म्हणून जी ब्लेडं दुकानात जातात त्यातली बरीचशी नुसती घाण झालेली असतात. ओला फणस चिरला की टिपेच्या मागे आणि बाजूला पिवळट-तपकिरी कीट बसतं. मग टिपेला जी बाजूची मोकळीक ठेवलेली असते ती भरते, ब्लेड लाकडात घासतं आणि धूर येतो. मी पसरट घमेल्यात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालतो, ब्लेड दहा-पंधरा मिनिटं बुडवतो, पितळी ब्रशने घासतो. बहुतेक कीट तेवढ्याने निघतं. कॉस्टिक वापरू नका, ॲसिड तर नकोच. टिप म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण, ते धरून ठेवतो कोबाल्ट. तेजाब तो कोबाल्ट खातं, कडक क्षारही त्याला सोसत नाही. मग कडा ठिसूळ होऊन झडते. पटाशीच्या टोकाने खरवडू नका, गॅसवर तर अजिबात धरू नका, टिपा झाळलेल्या असतात.

धुतल्यावर लगेच कोरडं करून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवायचा आणि कापायच्या आधी तो पुसायचा, नाहीतर कडेला पॉलिश धरत नाही. ठेवताना दोन ब्लेडांमध्ये प्लायचा तुकडा. कार्बाइड कडक आहे तितकंच ठिसूळ, टेबलावर आपटलं की कोपरा गेला.

24 दातीबद्दल तक्रार नाहीच. उभं चिरायला हेच पाहिजे, दातांमधली जागा मोठी असल्यामुळे ओला भुसाही बाहेर पडतो. 60 दातीने जाड फणस उभा चिरायला जाऊ नका. भुसा अडकतो, मशीन कण्हतं, त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असेल तर फळी काळी होऊनच निघते. एकच 40 दाती घेऊन दोन्ही कामं उरकावीत असं बरेच जण सांगतात. क्वचित काम असेल तर ठीक. रोजच्या कामाला दोन ब्लेडंच परवडतात, कारण धार लावणारा दातावर पैसे घेतो. आमच्याकडे जास्त झिजतं ते उभ्या कापाचं ब्लेड, आणि त्याचे दात 24 च. आडव्या कापाचं 60 दाती निवांत टिकतं.

सागाला धार लवकर जाते, त्यात सिलिका असते. त्यामुळे पार बोथट होईपर्यंत ताणू नका. वेळेवर दिलं तर डायमंड चाकावर थोडंच घासावं लागतं आणि टिप बरीच वर्षं पुरते. 24 दाती पहिल्यांदा धार लावून आली ती नव्याइतकीच चालली. त्या दुकानाने प्रत्येक दाताची उंची तपासून दिली होती, हे मुद्दाम लिहितो.

पातळ कापाचं ब्लेड घेणाऱ्यांनी मागची रिव्हिंग पट्टी (ब्लेडच्या मागे उभी असते, कापलेली फट मिटू देत नाही) आधी मोजावी. ती ब्लेडच्या प्लेटपेक्षा जाड आणि टिपेच्या कापापेक्षा पातळ हवी, नाहीतर फळी तिच्यावरच अडते. पट्टी काढून ठेवून काम करू नका, फळी उलटी फेकली जाते.

परत घेईन का? हो, हीच कंपनी, हेच ब्लेड. पण आधी 25.4 भोकाचं मिळतंय का विचारेन. नसेल तर खोक्यातली रिंग न लावता ब्लेड थेट लेथवर नेईन. आता 60 दातीची धारेची वेळ आली आहे. सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीत डायमंड चाकावर धार लावून दातांची उंचीही तपासून देणारा कोणी असेल तर खाली जरूर कळवा. कोल्हापूरला पाठवलं की आठवडा जातो.